गाडीचं नाक बोनेटच्या आत असेल तर दम लागणारच

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया तोंडावर आली, लेकीबाळींना आणायला गावोगाव गाड्या निघणार, आणि यंदा आलेल्या पत्रांत अन् व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे, की इंजिनाला थंड हवा कशी द्यायची. म्हणून यावेळी तेवढेच घेतो. टायरवाले आणि इन्शुरन्सवाले, तुमचं पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: नाना नमस्कार. माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७ वर्षं झाली, ८२ हजार किलोमीटर फिरली. धंद्यासाठी आठवड्यातून एकदा कन्नड घाट चढून संभाजीनगरला जातो. सकाळी ६ ला निघालं की गाडी मस्त चढते, पण कधी दुपारी १ ला निघायची वेळ आली की तोच घाट, तीच चार माणसं, फक्त एसी चालू, आणि गाडी दुसऱ्या गिअरमधून बाहेर यायला तयार नाही, मागचे लोक हॉर्न वाजवून राहिले. मित्र म्हणतो कोल्ड एअर इनटेक किट टाक, चकचकीत पाईप आणि लाल कोन फिल्टर, ७ हजारात १५ हॉर्सपॉवर वाढते, ॲव्हरेज पण वाढतं. टाकू का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर: भाऊ, ७ हजार अजून खिशातच राहू द्या. मित्राचं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याच्या जोरावरच ही किटं विकली जातात.

सकाळ-दुपारचा जो फरक तुम्हाला जाणवतो तो काही भास नाही. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, म्हणजे इंजिन पेट्रोल पितं खरं पण त्याचं पोट भरतं हवेनं. आता सिलिंडरची जागा ठरलेली, १२०० सीसी म्हणजे सकाळी पण १२०० आणि दुपारी पण १२००, पण त्या जागेत मावणाऱ्या हवेचं वजन बदलतं. २० अंशाला १ लिटर हवा भरते साधारण १.२ ग्रॅम, ४५ अंशाला १.१. म्हणजे ८ टक्के हवा कमी, जोर पण जवळपास त्याच मापानं कमी. आता हीच हवा बोनेटच्या आतली, रेडिएटर आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळांवरून, तापत तापत ७० अंशाला पोचलेली घेतली तर आणखी ७ टक्के गेले. वरून गरम हवेत पेट्रोल ठिणगीनं पेटवलेली ज्योत पोचायची वाट न बघता आपोआप भडकायची भीती, ती घाटात येते ना टकटक ती, तर ती टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ गुपचूप मागं सारतो आणि जोर अजून उतरतो. एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा आधीच उचलून बसलेला. मग गाडी दुसऱ्यात रडणार नाही तर काय करणार.

पण यातलं आपल्या हातात काय आहे ते बघा. बाहेरचे ४५ ना तुमच्या हातात ना माझ्या, किट टाकून चाळीसगावच्या हवेचं महाबळेश्वर होत नाही. हातात आहे ते फक्त ४५ आणि ७० च्या मधलं अंतर. आणि ते अंतर कमी करायचं काम कंपनीनं बहुतेक गाड्यांत आधीच करून दिलेलं असतं, आपणच ते बिघडवतो.

मी पण बिघडवलं होतं. बरीच वर्षं झाली, माझ्या जुन्या सेडानला हौसेनं असाच मोकळा कोन फिल्टर बसवला, काळा डबा काढून माळ्यावर टाकला. आवाज काय यायचा हो, ॲक्सिलेटर दाबला की वाघ गुरगुरल्यासारखा, महिनाभर मी खूश. मग मे महिन्यात स्कॅनर लावून इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघितलं. बाहेर ४३, हायवेला ८० च्या स्पीडला आत जाणारी हवा ५७, आणि रेल्वे फाटकाला दहा मिनिटं उभा राहिलो तर ७६. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा डबा खाली काढून, पुसून, परत बसवला, तोच रस्ता तीच वेळ, तर हायवेला ४९ आणि फाटकाला ६१. पोरानं शेजारी बसून मोबाईलवर ४० ते ८० ला लागणारा वेळ मोजला, तर त्या गुरगुरणाऱ्या फिल्टरनं अर्धा सेकंद जास्त लागत होता. म्हणजे पैसे देऊन मी गरम हवेचं किट बसवून घेतलं होतं. तो फिल्टर अजून आहे घरी, नातू त्याला भोंगा म्हणतो.

म्हणून तुम्ही आधी बोनेट उघडा आणि तुमच्या गाडीचं नाक कुठं आहे ते शोधा. एअर फिल्टरच्या काळ्या डब्यातून एक पाईप इंजिनाकडे जातो, तो सोडा. डब्याच्या दुसऱ्या अंगानं जी प्लॅस्टिकची सोंड पुढं जाते तिच्यावर हात फिरवत जा. ती एकतर पुढच्या जाळीमागं रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी उघडते, नाहीतर मडगार्डच्या पोकळीत. दोन्हीकडे बाहेरचीच हवा येते. सोंड अर्ध्यात तुटलेली, क्लिपमधून निसटलेली किंवा गायबच असेल तर तुमचं दुखणं तिथंच सापडलं.

गायब म्हणजे कशी, तर मागच्या उन्हाळ्यात पाचोऱ्याकडची एक गाडी माझ्याकडे आली होती, तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी. समोरून ठोकलेली, डेंटिंग-पेंटिंग एकदम सुंदर, नवीन बंपर नवीन जाळी, पण काम करणाऱ्या गॅरेजनं सोंड परत लावलीच नव्हती. बहुतेक तुटली असेल, पार्ट मिळाला नसेल, आणि गाडी तर तिच्याशिवाय पण चालू होते. डब्याचं तोंड रेडिएटरच्या फॅनपासून चार बोटांवर उघडं, फॅन सुरू झाला की सगळी भट्टी सरळ फिल्टरात. भंगार बाजारातून तोच पार्ट आणून दोन क्लिपा लावल्या, अर्ध्या तासाचं काम. मालक म्हणे नाना इंजिन बदललं की काय.

सोंडेबरोबर बाकीचं पण बघून घ्या. बोनेट बंद झाल्यावर रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर जी रबरी पट्टी बसते ती आहे का, कारण ती नसली की फॅननं मागं फेकलेली गरम हवा वरून वळसा घालून परत पुढं येते. इंजिनाखालची प्लॅस्टिकची शीट आहे का, ती लोक खडखड करते म्हणून काढून टाकतात. जाळीसमोर जादा लाईट, मोठी नंबर प्लेट, देवाची चुनरी असलं काही हवा अडवत नाही ना. चुनरी आरशाला बांधा, देवी रागावणार नाही.

एवढं करून खात्री करायची असेल तर ब्लूटूथचा छोटा स्कॅनर येतो हजाराच्या आत, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाईलवर इनटेक एअर टेंपरेचर दिसतं. हायवेला दहा मिनिटं एकसारखी चालवून मग आकडा वाचा, उभ्या गाडीचा धरू नका. बऱ्याच गाड्यांत तो सेन्सर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरच असतो, तो स्वतःच तापलेला असल्यानं आकडा थोडा चढाच दाखवतो, म्हणून एकच आकडा बघून घाबरू नका, काम करायच्या आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी ठेवा.

राहिले ते १५ हॉर्सपॉवर. तुमची गाडी ८० च्या आसपासची असणार. ७० ऐवजी ४५ ची हवा मिळाली तर पाचेक परत येतात, ते पण सोंड तुटलेली असेल तर. सोंड जागेवर असेल तर किटनं त्यातलं काहीच येत नाही, आलं तर माझ्यासारखं उलटंच येतं. हा फरक पण पाय पूर्ण दाबलेला असतानाचा, म्हणजे घाटात किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना. एरवी सपाटीला ६० नं चाललात तर गरम हवेत पाय चिमूटभर जास्त दाबला जातो, तुम्हाला कळत पण नाही. त्यामुळेच ॲव्हरेज वाढेल ही गोष्ट तर सोडूनच द्या, थंड हवेला पेट्रोलही जास्तच लागतं.

घाट दुपारीच चढायचा असेल तर घाटापुरता एसी बंद करा. बायकोपोरं कुरकुर करतील, पण बिनपैशाचा इलाज तोच एक.

प्रश्न: राम राम नाना. मी शेतकरी माणूस, माझ्याकडे पिकअप आहे. ठिबकच्या कामातून ६३ एमएमचा पीव्हीसी पाईप उरलाय, तो बंपरच्या खालून घेऊन थेट एअर फिल्टरच्या डब्याला जोडला तर चालत्या गाडीचा वारा जोरात आत घुसेल असा माझा विचार. घरची म्हणते, "आते गाडीलेबी ठिबक करी टाका!" – एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर: वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी तुमच्या विचाराचं बरोबर माप काढलं.

विचार वाईट नाही हो, पुढून थंड हवा घ्यायची हे तत्त्व बरोबरच आहे. पण वारा घुसून दाब वाढेल हे डोक्यातून काढा. १०० च्या स्पीडला समोरच्या वाऱ्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अर्धा टक्का सुद्धा भरत नाही. पिकअपमध्ये केळी भरून १०० नं तुम्ही जाणार पण नाही, आणि जाऊ पण नका.

खरी भीती पाण्याची. बंपरच्या खाली तोंड म्हणजे जमिनीपासून दीड फूट. जूनमध्ये नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहायला लागलं आणि तुम्ही 'निघून जाईल' म्हणून गाडी घातली की तो पाईप पाणी ओढणार. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही, पिस्टन वर येतो आणि त्याला जागाच नसते, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलायचा खर्च एका हंगामाचा. आणि कधी असं पाणी गेलंच तर परत परत सेल्फ मारू नका, लोक तिथंच चूक करतात, पहिल्यांदा वाचलेलं इंजिन दुसऱ्या सेल्फला जातं. गाडी ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. कंपनी सोंडेचं तोंड रेडिएटरच्या वर ठेवते ते उगाच नाही.

दुसरं, खालची हवा म्हणजे पुढच्या गाडीनं उडवलेली धूळ. शेतरस्त्याला तर विचारूच नका, फिल्टर महिन्यात चोंदेल. आणि तिसरं, साधा पीव्हीसी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून नेला तर मऊ पडून चपटा होईल, मग वारा राहिला बाजूला, इंजिनाचा श्वासच कोंडेल.

करायचंच असेल तर असं करा. तोंड जाळीमागं, हेडलाईटच्या उंचीच्या वर. पाईप उष्णता सोसणारा लवचिक हुसपाईप, त्याचा घेर कंपनीच्या सोंडेपेक्षा कमी नको. आणि जोड फक्त फिल्टरच्या आधी, फिल्टरनंतरच्या पाईपला हात पण लावायचा नाही, तिथं केसाएवढी फट राहिली तरी धूळ सरळ सिलिंडरात जाते आणि पिस्टनच्या रिंगा खाते. ६३ चा पाईप मोटारीवर लावा, म्हणजे विहिरीच्या मोटारीवर.

प्रश्न: यावलहून चोपड्याला रोज कारनं जाते. मधे बँकेत पंधरा-वीस मिनिटांचं काम असलं की परत निघाल्यावर पहिले पाच-सात किलोमीटर गाडी मेल्यासारखी चालते, नंतर आपोआप ठीक. भाऊ म्हणतो फिल्टर बदल, गॅरेजवाला म्हणतो इंजेक्टर साफ करू. – एक शिक्षिका

उत्तर: ताई, आपोआप ठीक होतंय हेच तुमचं उत्तर. फिल्टर चोंदला असता तर पुढं पण चोंदलेलाच राहिला असता ना.

गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, समोरचा वारा थांबतो, पण तापलेलं लोखंड तसंच तापलेलं. त्यामुळे पहिली पंधरा-वीस मिनिटं बोनेटच्या आत गाडी चालू असताना असते त्यापेक्षा जास्त गरमी साठते, फिल्टरचा डबा, पाईप, सेन्सर सगळं भाजून निघतं. आपण नेमकं त्याच वेळेला परत सेल्फ मारतो, आणि आत बसल्या बसल्या एसी चारवर. निघताना काचा खाली करून दोन मिनिटं एसी एकवर ठेवा, पाच किलोमीटर गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्या. इंजेक्टर साफ करायचे पैसे वाचवा. मात्र गरम गाडी सेल्फ मारूनही चालूच होत नसेल किंवा गचके देऊन बंद पडत असेल तर ते दुखणं वेगळं, पेट्रोलच्या पंपाचं किंवा सेन्सरचं, मग दाखवा.

प्रश्न: डिझेलची सात सीटर आहे, टर्बोवाली. हंगामात कापसाच्या गाड्यांमागं जिनिंगला चकरा असतात. एप्रिल लागला की पिकप निम्मा होतो, चढाला काळा धूर. बोनेटवर हवेसाठी नाकपुडी आहे ती मोठी करून घेऊ का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर: नाकपुडीला हात लावू नका, आधी ती कशाला आहे ते समजून घ्या. बरेच लोक समजतात तिच्यातून हवा फिल्टरात जाते. तसं नाही. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, आणि दाबली की हवा तापते, सायकलचा पंप मारताना खालचा नळा गरम लागतो तसंच, फक्त इथं १०० अंशाच्या वर जाते. ती गार करायला इंटरकूलर. काही गाड्यांत तो इंजिनाच्या डोक्यावर आडवा असतो आणि ती नाकपुडी त्याच्यावर वारा टाकायला. बोनेटच्या आतल्या बाजूला नाकपुडीभोवती रबराची किंवा फोमची चौकट असते ती बघा, जुन्या गाड्यांत ती झिजून तुकडे झालेली असते. मग वरून आलेला वारा इंटरकूलरमधून न जाता बाजूनं पळून जातो. ती चौकट बदलणं हाच तुमचा पहिला खर्च, आणि तो किरकोळ.

आता कापूस. माझा खरा संशय त्याच्यावर. बाकी गाड्यांत इंटरकूलर पुढं बंपरमागं असतो, पण तुमची कुठल्याही जातीची असो, पुढं एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागं रेडिएटर हे असतातच, आणि दोघांच्या मधे बोटभर फट. जिनिंगच्या रस्त्याला उडणारा कापसाचा रुवा पुढच्या जाळीतून शिरतो आणि त्या फटीत अडकतो, त्यावर धूळ, धुळीवर तेलाचा ओलावा, चार महिन्यांत आत अख्खी गोधडी शिवून होते. पुढून बघितलं तर कंडेन्सर चकाचक दिसतो, म्हणून कुणाला कळत नाही. मी एका गाडीतून काढली तर हाताला सलग पट्टा आला, करड्या रंगाचा, जाड, गादीत भरता आला असता. हिवाळ्यात ते खपून जातं, एप्रिलला गाडी बोलते.

साफ करताना वॉशिंग सेंटरचा जोराचा प्रेशर सरळ मारू नका, त्या ॲल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या वाकतात आणि मग वारा कायमचा बंद. दोन बोल्ट सोडून कंडेन्सर पुढं सरकवायचा, गॅसचे पाईप न खोलता, गोधडी हातानं आणि मऊ ब्रशनं काढायची, मग बागेच्या नळीनं इंजिनाच्या बाजूकडून पुढं पाणी. इंटरकूलर डोक्यावर असेल तर त्याच्या पण पात्या अशाच धुवा.

काळ्या धुराचं मात्र आणखी एक कारण असतं. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून पुढं जे जाड हुसपाईप जातात ते चिरतात नाहीतर त्यांना आवळणारी जुबली क्लिप सैल होते. दाबलेली हवा तिथून फुस्स होते, डिझेल पडतं तेवढंच पडतं, आणि जळायला हवाच नाही म्हणून धूर. पाईपच्या जोडाला तेलकट धुळीचा ओला डाग दिसला की समजा तिथूनच गळती आहे. जोर लावताना शिट्टीसारखा आवाज येतो का ते पण ऐका.

प्रश्न: सीएनजीवर गाडी कमी ओढते, ते पण गरम हवेमुळे का? – एक वाचक, धुळे

उत्तर: थोडं गरम हवेमुळे, जास्त गॅसमुळे. गॅस स्वतःच जागा अडवतो, सिलिंडरात जाणाऱ्या मिश्रणाच्या दहा भागांत जवळपास एक भाग गॅसच, तेवढी हवा बाहेर राहिली. लळिंगचा घाट लागला की पेट्रोलवर टाका.

प्रश्न: एका व्हिडिओत बघून बोनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून बोनेट काचेकडून बोटभर उचलून घेतलं, गरमी निघून जावी म्हणून. दिसायला पण रेसिंगची वाटते. पण आता एसी नीट गार करत नाही आणि गाडीत तापलेल्या रबराचा वास येतो. – एक वाचक, नंदुरबार

उत्तर: कारण गरमी निघतेय ती तुमच्याच अंगावर. गाडी पळत असताना वारा काचेच्या पायथ्याला आपटून तिथं दाब वाढतो, म्हणून तर एसीचं बाहेरची हवा घ्यायचं तोंड कंपनी तिथंच ठेवते. चालत्या गाडीत त्या फटीतून हवा बाहेर न जाता उलट आत ढकलली जाते, आणि गाडी सिग्नलला थांबली की बोनेटची सगळी वाफ त्याच फटीतून वर येऊन एसीच्या तोंडात. पुढून येणारा वारा रेडिएटरमधून घुसून इंजिनाखालून निघून जातो असा त्याचा रस्ता ठरलेला असतो, तो पण तुम्ही मोडलात. शिवाय उचललेल्या बोनेटचं पुढचं कुलूप नीट बसलंय का बघितलं का? हायवेला ते उघडून काचेवर आलं तर पुढचं सांगायला नको.

आज संध्याकाळी वॉशर काढा, बोनेट सगळीकडून सारखं बसतंय का बघा, एसी दोन दिवस आतल्या हवेवर चालवा, वास जाईल. वॉशर फेकू नका, घरी एखादा नळ गळत असेलच.